फुटाला दर, लिटरला शून्य

वैशाख लागला की मराठवाड्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस धडधडू लागतात. त्यांतल्या कितीतरी गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, त्यांवरची माणसेही तिकडचीच. जागा पाणाड्याने दाखवलेली असते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जिथे उभा राहिला तिथे चुन्याची फुली. दर ठरतो फुटावर. पहिले काहीशे फूट एका दराने, पुढचा प्रत्येक टप्पा चढत्या दराने, केसिंगचे पैसे वेगळे. वीस फुटांचा एक रॉड खाली गेला की बांधावर बसलेला मालक मनातल्या मनात आकडा पुढे सरकवतो. भोकातून कोरडा पांढुरका धुरळा उडत असतो तोवर कोणी फारसे बोलत नाही. धुरळ्याचा चिखल झाला की घरातून चहा येतो. नाहीच झाला, तर गाडीवाला आपले पैसे मोजून घेतो आणि पुढच्या गावाला निघतो. त्याने भोक विकलेले असते, पाणी नव्हे.

पंप, केबल, पाइप, स्टार्टर, जळालेल्या मोटरचे रिवायंडिंग, या सगळ्याला बाजारात भाव आहे. एवढ्या खटाटोपाने वर येणाऱ्या पाण्याला मात्र नाही. भूजलाला दर लावावा का, लावला तर कोणी, कशावर आणि किती, गोळा झालेला पैसा कुठे जावा, हा प्रश्न इथून सुरू होतो. तो अर्थशास्त्राचा समजला जातो. प्रत्यक्षात तो निम्म्याहून अधिक खडकाचा, वीजखांबाचा आणि भाऊबंदकीचा आहे.

आधी व्याप्ती पाहू. भारत जगात सर्वाधिक भूजल उपसतो. अमेरिका आणि चीन मिळून जेवढे उपसतात त्याहूनही जास्त. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या मूल्यांकनानुसार देशाचा वार्षिक उपसा सुमारे २४५ अब्ज घनमीटर आहे आणि त्यातले ८७ टक्के पाणी शेतीला जाते. २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार उद्योगांना भूजल उपसण्यासाठी परवानगी घ्यावी लागते आणि शुल्कही भरावे लागते. शेती त्यातून वगळलेली आहे. थोडक्यात, सरकारी दरपत्रक उरलेल्या १३ टक्क्यांतल्या काही हिश्शापुरते आहे.

शेतीला हात लावायला कोणी धजत नाही, याची मुळे निवडणुकीच्या राजकारणापेक्षा जुनी आहेत. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने एक गोष्ट ठरवून टाकली: जमिनीखालचे जे पाणी निश्चित प्रवाहातून वाहत नाही ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क जमीनमालकाचा. सातबारा ज्याचा, पाणी त्याचे. मोटेच्या काळात या नियमाने फारसे बिघडले नाही. बैलजोडीने उपसून उपसून किती उपसणार? पाच-साडेसात अश्वशक्तीचा सबमर्सिबल पंप आल्यावर त्याच नियमाचा अर्थ बदलला. ज्याचा बोअर खोल, पाणी त्याचे.

महाराष्ट्रात हा बदल अधिकच बोचरा ठरतो, तो खडकामुळे. राज्याचा सुमारे ८२ टक्के भूभाग दख्खनच्या बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. पंजाबच्या गाळाच्या मैदानात शेकडो फूट जाडीचा वाळूचा थर पाणी धरून बसलेला असतो. इथे पाणी मुरते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांमध्ये. साठा लहान, एका चांगल्या पावसात भरणारा आणि एका हंगामात रिता होणारा. भेगा बांध पाहून थांबत नाहीत. त्यामुळे हे खाते सामायिक आहे. फरक इतकाच की खातेदारांपैकी कोणालाही शिल्लक दिसत नाही आणि चेकबुक प्रत्येकाकडे आहे. एकाने मार्चमध्ये पाचशे फुटांवर बोअर घेतला की शेजारची चाळीस फुटांची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. मग शेजारी सहाशेला जातो.

या चढाओढीचा खर्च शेतकरीच सोसतो. पाण्याच्या दराची चर्चा ऐकणाऱ्याच्या मनात एक गोष्ट आरंभीच पक्की व्हायला हवी, ती ही की भूजल शेतकऱ्याला फुकट मिळत नाही. कोरड्या गेलेल्या बोअरचे कर्ज, दर दोन-तीन वर्षांनी वाढवावे लागणारे पाइप, कमी दाबामुळे जळणाऱ्या मोटरी, रात्री दोन वाजता पाळी द्यायला जाताना सापाची आणि बिबट्याची धास्ती, ही सगळी किंमतच आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जगवण्यासाठी शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडांच्या बुंध्याशी ओतले. तरीही कित्येक बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. पाण्याला दर द्यायची तयारी नाही, हा आरोप त्या शेतकऱ्यावर करता येत नाही. अडचण वेगळी आहे. तो मोजतो ती किंमत त्याने किती पाणी वापरले याच्याशी जोडलेली नाही आणि तिच्यातला एक रुपयाही तो साठा सांभाळणाऱ्याकडे पोचत नाही. दर लावा म्हणणारे अर्थतज्ज्ञ आणि फुकट द्या म्हणणारे पुढारी या दोघांचीही गाडी इथेच घसरते.

एक किंमत अशी होती की जिने हे काम थोडेफार केले असते. विजेची. एका एकराला ५० मिलिमीटरची एक पाळी द्यायची तर सुमारे दोन लाख लिटर पाणी लागते. पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर १० मीटर खोलीवरून ते उचलायला साधारण १४ युनिट वीज लागते. तेच पाणी १०० मीटरवरून उचलायचे तर जवळपास १४० युनिट. सात रुपये युनिटने हिशेब केला तर एका पाळीचे बिल पहिल्याला शंभराच्या आत आणि दुसऱ्याला हजाराच्या घरात. म्हणजे वीज युनिटवर मोजली, तर पाणी जितके खोल जाईल तितका त्याचा दर आपोआप चढतो, वेगळे दरपत्रक काढायची गरजच पडत नाही. पातळी खालावल्याची खबर दर महिन्याच्या बिलातून घरात आली असती.

ती आली नाही, कारण सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत बहुतेक राज्यांनी शेतीपंपांचे मीटर सोडून अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू केली. कारण अगदीच चुकीचे नव्हते. रानोमाळ विखुरलेल्या लाखो पंपांचे मीटर वाचायला माणसे पाठवायची, बिघडलेले बदलायचे, आकडेबहाद्दरांच्या मागे लागायचे, हा खर्च वसुलीपेक्षा जड जात होता. पण ठोक दर भरला की पुढचा प्रत्येक लिटर फुकट. मग पंपापंपावर ऑटोस्विच बसले. लाइट आली की मालक झोपेत असला तरी मोटर सुरू, गेली की बंद. पाटातून पाणी भरून वाहिले तरी त्याचे कोणाला काही वाटत नाही. तमिळनाडूने १९९०मध्ये आणि पंजाबने १९९७मध्ये शेतीची वीज मोफत केली, अविभाजित आंध्राने २००४मध्ये. महाराष्ट्राने त्याच वर्षी निवडणुकीच्या तोंडावर तसेच करून पाहिले आणि पुढच्या वर्षी मागे घेतले. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरला जातो. गळती आणि चोरीही त्याच अंदाजात खपवली जाते, अशी वीजग्राहक संघटनांची जुनी तक्रार आहे.

२०२४मध्ये राज्य पुन्हा तिथेच आले. बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षे वीज मोफत देण्याचे ठरले आणि त्यासाठी सरकारने वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार काढला. भागाकार केला तर प्रत्येक पंपामागे साधारण साडेतेहेतीस हजार रुपये पडतात. ज्याची विहीर कोरडी आहे किंवा ज्याला विहीरच नाही, त्याच्या वाट्याला यातले काही येत नाही. कोरडवाहू बाजरी आणि तूर काढणाऱ्या शेतकऱ्याने हा आकडा एकदा कागदावर मांडून पाहावा. दर लावायला राजकीय धैर्य लागते म्हणतात. एवढी रक्कम दरवर्षी वाटायलाही थोडेथोडके धैर्य लागत नसणार.

पिकाची किंमत हा या गणिताचा दुसरा हात. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवले आहे की महाराष्ट्रात ऊस एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेत असतो आणि सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी पितो. त्याला हमखास गिऱ्हाईक आहे, ठरलेला दर आहे. ज्वारी-करडईला यातले काय आहे? जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरची केळी, अमरावतीत वरुड-मोर्शीची संत्री, ही दोन्ही नावे बाजारात मोठी आणि भूजल सर्वेक्षणाच्या यादीत अतिशोषित म्हणून लाल. शेतकरी पाण्याच्या मोलाला जागत नाही असे म्हणणे सोपे आहे. तो प्रत्यक्षात बाजाराने आणि सरकारने लावलेल्या भावांना जागतो आहे, आणि त्यांतल्या एकाही भावात पाण्याची गणती नाही.

अनुदानाने कसे उलटे वळण घेतले याचा नमुना शेततळ्यात सापडतो. कल्पना होती पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्याची. तळाला प्लास्टिकचा कागद आला आणि वापर पालटला. हिवाळ्यात विहिरीला पाणी असते तेव्हा ते उपसून तळ्यात भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात डाळिंब-द्राक्षांना द्यायचे, अशी पद्धत अनेक गावांत रूढ झाली. अभ्यासकांनी यावर इशारेही दिले. गावाच्या भेगांतले सामायिक पाणी अशा रीतीने एकाच्या खाजगी टाकीत जाते, वर उन्हाने आटते, आणि कागदावर त्याची नोंद जलसंधारण म्हणून होते. शेततळ्याचा मालक यात बेकायदा काही करत नाही. आपण भरले नाही तर शेजारी भरेल, हे त्याला पक्के माहीत असते.

मग दर लावायचा कसा? देशात आणि बाहेर गेल्या वीस वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांत थेट लिटरमागे रुपये मागणारे फार थोडे आहेत. गुजरातने तासांना किंमत आणली. २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेखाली गावठाणाचे आणि शेतीचे फिडर वेगळे झाले. गावाला चोवीस तास वीज, शेतीला आठ तास, पण पूर्ण दाबाने आणि वेळापत्रकाबरहुकूम. भूजलाचे अर्थकारण आयुष्यभर अभ्यासणारे तुषार शाह यांचे म्हणणे याच वाटेने जाणारे: मीटरवरून भांडत बसण्यापेक्षा दर ठोक ठेवा, पण वीज मोजून-मापून आणि पिकाला हवी तेव्हा द्या. उपशाला लगाम बसला, वीज कंपन्यांचा तोटाही आवरला. झळ मात्र भलत्यालाच लागली. पूर्वी पंपमालक जास्तीचे तास शेजाऱ्याला पाणी विकण्यात घालवत. तास कमी झाले तसे विकाऊ पाणी कमी झाले, त्याचा भाव चढला आणि पाणी विकत घेऊन वाट्याने कसणारे भूमिहीन मागे पडले. दराचा कोणताही विचार या माणसाला वगळून केला तर तो अर्धाच राहतो. विहीर नसलेल्याला पाणी आजही विकतच मिळते, रोख पैशाने किंवा पिकातल्या हिश्शाने, आणि विकणाऱ्यावर बसलेला प्रत्येक नवा आकार शेवटी त्याच्याच माथी येतो.

पंजाबने उलटी चाल केली. जून २०१८मध्ये ‘पाणी बचाओ, पैसे कमाओ’ योजनेत सहा फिडरवर मीटर बसले. वीज मोफतच राहिली. पण ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जेवढी युनिटे वाचतील, त्या प्रत्येक युनिटामागे शेतकऱ्याच्या खात्यात चार रुपये. न उपसलेल्या पाण्याला दर आला. तोच विचार गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६मध्ये सूर्यावर चालला. सौरपंप घेतलेल्या मोजक्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज वितरण कंपनीला विकण्याचा २५ वर्षांचा करार केला. कंपनीचा दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेने हरित ऊर्जेसाठी आणि पाणीबचतीसाठी प्रत्येकी सव्वा रुपया वर दिला. दुपारी पंप चालवायचा की वीज विकायची, हा प्रश्न धुंडीतल्या शेतकऱ्यापुढे रोज उभा राहू लागला. बिलाची धमकी नाही, तपासनीस नाही. तरी प्रत्येक लिटरची किंमत त्याच्या डोळ्यांसमोर.

शेतकऱ्यांनी स्वतःवरच कर बसवल्याचे उदाहरण मात्र पार अमेरिकेत शोधावे लागते. कोलोरॅडोतल्या सॅन लुइस खोऱ्यात बटाटा आणि लसूणघास पिकतो. २००२च्या दुष्काळानंतर तिथली पातळी सतत घसरत गेली. सरकार विहिरींना कुलुपे लावील या भीतीने शेतकऱ्यांनी मतदान करून उपजिल्हा स्थापला आणि २०११पासून उपशावर आकार सुरू केला. एकर-फुटाला, म्हणजे सुमारे सव्वाबारा लाख लिटरला, आधी ४५ आणि मग ७५ डॉलर. पैसा त्याच खोऱ्यात राहिला. जमीन पडीक ठेवणाऱ्यांना त्यातून मोबदला मिळाला. उपसा सुमारे एक तृतीयांशाने घटला. पुढच्या कोरड्या वर्षांत पातळी हवी तशी सावरली नाही आणि दर आणखी वाढवावा लागला, हेही सांगितले पाहिजे. तिथे विहिरी मोजक्या, शेते शेकडो एकरांची आणि प्रत्येक पंपाला मीटर. दोन एकरवाल्यांच्या गावात ती यंत्रणा जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही. आणण्याजोगा आहे तो त्यातला क्रम: आधी मोजणी, मग ठराव, मग दर, आणि पैसा खोऱ्यातच.

मोजणी आणि ठराव या दोन पायऱ्या महाराष्ट्रात कोणी चढल्याच नाहीत असे नव्हे. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचा घाट घातला. या अभियंत्या उद्योजकाने पाणी जमिनीपासून तोडले. हक्क माणशी: दरडोई अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते पाणी. भूमिहीनालाही हक्क. ऊस बंद. भांडवली खर्चाचा २० टक्के वाटा लाभार्थ्याचा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. १८८२च्या कायद्याने जी गाठ मारली होती ती नायगावच्या माळावर एका ठरावाने सुटली. हिवरे बाजारने बोअरवेलचे पाणी शेतीला घ्यायला बंदी घातली आणि ऊस-केळी गावाबाहेर ठेवली. पोपटराव पवारांच्या या गावात पावसाचे आकडे घेऊन दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि रब्बीत काय पेरायचे ते त्यावरून ठरते. दोन्हीकडे रुपयांतला दर हा गौण भाग आहे. मर्यादा आधी आली आणि तिच्यातून पाण्याला मोल आले. अशी गावे थोडी आहेत आणि बहुतेकदा एका खमक्या माणसाभोवती उभी आहेत, ही त्यांची खरी उणीव.

राज्याच्या कायद्यात तरतुदींचा दुष्काळ नाही. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली. किती गावांत ती पाळली जाते हे गावकऱ्यांनाच विचारावे. २००९चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) कायदा त्याहून पुष्कळ पुढे जातो. ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध, अधिसूचित क्षेत्रांत पीक आराखडा, आणि आधीच असलेल्या खोल विहिरींच्या शेती व उद्योगासाठीच्या उपशावर उपकर. म्हणजे भूजलाचा दर महाराष्ट्राच्या कायद्यात लिहिलेला आहे. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर कायदा प्रसिद्ध व्हायला २०१३ उजाडले, नियमांचा मसुदा हरकतींसाठी समोर यायला २०१८. तोवर बोअरच्या गाड्या पाचशे, आठशे, हजार फुटांपर्यंत जाऊन आल्या होत्या, आणि २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते.

पुढचा निर्णय कदाचित विधिमंडळात होणारच नाही, तो फिडरवर आणि पॅनेलवर होईल. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीचा १० टक्के वाटा उचलायचा, अनुसूचित जाती-जमातींनी ५ टक्के. दिवसा पाणी मिळते, रात्रीचे बारे टळते, वीज बिलाची कटकट संपते. शेतकऱ्याच्या अंगाने पाहिले तर ही चांगलीच गोष्ट आहे. पण हे पंप वीजजाळ्याला जोडलेले नसतात. धुंडीसारखी उरलेली वीज विकण्याची सोय त्यांना नाही, त्यामुळे ऊन आहे तोवर पंप बंद ठेवण्यात मालकाचा काही फायदा नाही, आणि शेततळे असेल तर चालू ठेवण्यात नक्कीच आहे. दुसरीकडे ‘सौर कृषी वाहिनी’ योजनेखाली फिडरच सूर्यावर नेले जात आहेत. तिथे प्रत्येक पंपाला मीटर लावून वाचलेल्या युनिटाचे पैसे शेतकऱ्याला देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. मोफत विजेची मुदत मार्च २०२९ला संपते, तेव्हा तो विषय पुन्हा टेबलावर येईलच. सौर पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे धरतात. यंदा जाळ्याबाहेर बसवलेला पंप २०५०च्या आसपासपर्यंत शून्य दराने पाणी खेचत राहील, मग दर ठरवणाऱ्यांनी मधल्या काळात काहीही ठरवले तरी.